जास्तीचा घाव

माझ्या डाव्या मनगटावर दातांच्या खुणा आहेत. बारीक आहेत, कणीक मळताना दिसतात. मधे थोडी जागा सुटली आहे, कारण तेव्हा माझ्या नातीचे वरचे दोन दात पडलेले होते. ती सात वर्षांची होती.

हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर मोठं येतं, वही लवकर भरते. पण ही गोष्ट तोंडाने सांगताना मी निम्मी गिळते, म्हणून लिहून ठेवते.

न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर पडले त्याला तीनेक वर्षं झाली होती. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होतो. लेक आणि जावई दोघंही सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला जायचे आणि सात वाजता परत यायचे. तोवर नात माझ्याकडे. शेजारच्या मराठी घरातल्या पाच वर्षांच्या जुळ्या बहिणीही शाळा सुटल्यावर माझ्याकडेच असायच्या. इथे कोणाशी बोलायची मला लाज वाटायची. दाराची बेल वाजली तरी मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

त्या वसंतात नातीला शाळेत इथल्या प्राण्यांचा धडा होता. तिने लायब्ररीतून चित्रांचं पुस्तक आणलं होतं. रोज दुपारी मला आणि जुळ्यांना सोफ्यावर बसवायची, हातात माझं लाटणं घ्यायची आणि टीचर व्हायची.

“आजी, तू पण क्लासमध्ये आहेस. उठायचं नाही.”

“कुकर लावलाय गं.”

“हात वर करून विचार!”

मी हात वर करायची, मगच ती मला कुकर बंद करायला सोडायची. चोरासारखे काळे डोळे असलेला रकून, घाण वास सोडणारा स्कंक, बोट तोडणारं कासव, सगळे तिने शिकवले. आणि पॉसम, मांजराएवढा, राखाडी. त्याच्या पाठीवर पिल्लं बसलेली होती, एस्टीच्या टपावर माणसं बसतात तशी. ते पान तिचं लाडकं होतं. तीन वेळा तरी शिकवलं असेल.

“त्याला फिफ्टी टीथ असतात. आजी, से फिफ्टी.”

मी म्हणायची नाही. जुळ्या हसतील असं वाटायचं. त्या एकदा हसल्या होत्या, “आजीचं इंग्लिश फनी आहे” म्हणून. मी नुसती मान हलवायची. पुढे ती भराभर इंग्रजीत काय वाचायची ते मला कळत नव्हतं, आणि कळत नाही असं सात वर्षांच्या पोरीला सांगायचीही मला लाज. हो टीचर, हो टीचर, म्हणायची. लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे.

इथे घुशींबद्दल लिहायला हवं. लहानपणी आम्ही नागपूरला धान्याच्या गोदामामागे राहायचो. बाप तिथे हमाल होता. गोदामातल्या घुशी मांजराएवढ्या. भिंत पोखरून आत यायच्या. माझ्या धाकट्या भावाच्या पायाची करंगळी एका घुशीने झोपेत कुरतडली. तो उठेपर्यंत नखासकट अर्धं बोट गेलं होतं. त्यानंतर आईने मला दांडकं धरायला शिकवलं. पहिला घाव कमरेवर, म्हणजे पळत नाही. दुसरा पाठीवर. आणि पडली म्हणून मेली असं समजायचं नाही, ती उठते आणि थेट अंगावर येते. म्हणून डोक्यावर जास्तीचा एक घाव. तो घातल्याशिवाय दांडकं खाली ठेवायचं नाही. आमच्या वस्तीत सगळ्या बायका असंच करत. मी नऊ वर्षांची असताना पहिली मारली. आईने पाठीवरून हात फिरवला. शाळेत मला कोणी कधी शाबासकी दिली नव्हती.

तर त्या दिवशी चारच्या सुमाराला मी तांदूळ आणायला गॅरेजमध्ये गेले. तिन्ही मुली मागे आल्या. गॅरेजचं दार खाली नीट टेकायचं नाही, वीतभर फट राहायची. जावई दर शनिवारी म्हणायचे, आज दुरुस्त करतो. तांदळाचं पोतं खालून फाटलेलं होतं आणि मागे काहीतरी हलत होतं.

आधी शेपटी दिसली. जाड, बिनकेसांची. मग राखाडी पाठ, मग टोकदार तोंड. त्याने माझ्याकडे वळून जबडा उघडला, दातच दात, आणि फिस्स केलं. माझ्यामागे तीन पोरींचे सहा उघडे पाय होते, चपला न घालता आलेल्या.

बर्फ उपसायचं फावडं भिंतीला होतं. मी ते कधी उचललं आठवत नाही. पहिला घाव कमरेवर बसला. ते ओरडलं नाही, घशातून घरघरलं आणि भिंतीकडे सरकलं. मागचे पाय फरफटत होते. दुसरा पाठीवर. ते कुशीवर कलंडलं. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ जमिनीवर. मागून हिरवं काहीतरी सुटलं आणि गॅरेजभर कुजका वास पसरला.

“स्टॉप! आजी, स्टॉप! पॉसम आहे तो! मारू नको!”

मला ऐकू आलं. कळलंही. स्टॉप हा शब्द इथे प्रत्येक कोपऱ्यावर लाल पाटीवर लिहिलेला असतो. पॉसमही कळलं. पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे येऊन गेलं, ती पाठीवरची पिल्लं. पण फावडं वर गेलं होतं. मी ते डोक्यावर घातलं. नारळ फुटतो तसा आवाज झाला.

नातीने माझ्या हातावर झेप घेतली आणि मनगटात दात रोवले. सोडेच ना. मी हात झटकला तशी ती गाडीच्या दारावर जाऊन आपटली. दुसरा हात मी तिला मारायला उचलला होता. तिने डोळे मिटून डोकं खांद्यात घातलं. मग तो हात तिथेच राहिला.

एका जुळीने चड्डीत शू केली होती. दुसरी बोट दाखवत होती. “आजी, पोट हलतंय.”

त्याच्या पोटाला पिशवी होती. पिशवीच्या तोंडातून करंगळीएवढी शेपटी बाहेर आली आणि आत गेली.

नात समोरच्या घरात धावली. तिथे एक गोरी म्हातारी एकटी राहायची. तिने फोन केला. अर्ध्या तासाने जाड हातमोजे घातलेली एक बाई ट्रक घेऊन आली, जखमी जनावरं सांभाळणारी. गुडघे टेकून बसली आणि पिशवीत दोन बोटं घातली. नऊ पिल्लं होती. दोन चिरडलेली, ती माझ्या घावांनी. सात आईच्या सडाला तोंडं घट्ट लावून होती. आई मेली तरी पीतच होती. ती ओढली तर त्यांची तोंडं फाटतात, म्हणून तिने मेलेल्या आईसकट सगळं खोक्यात ठेवलं. हे नातीने दुसऱ्या दिवशी तिच्या आईला सांगितलं, म्हणून मला कळलं. त्या वेळी त्या बाईने माझ्या मनगटाकडे बघून मला काहीतरी विचारलं. मी नातीकडे बघितलं. इतर वेळी माझ्या वतीने तीच बोलायची. ती जमिनीकडे बघत राहिली.

नात माझ्याजवळ झोपायची. त्या संध्याकाळी ती उशी उचलून आईबापाच्या खोलीत गेली. माझ्या हातचा घास घेईना. मी ताट ठेवलं की सरकवून द्यायची. जावयांनी हसवायचा प्रयत्न केला. “आई, तुम्हाला तर बॉर्डरवर पाठवायला पाहिजे होतं!” नात पानावरून उठली.

“आई, अगं इथे असं मारत नाहीत,” लेक म्हणाली. “फोन करतात, माणसं येऊन घेऊन जातात.”

“मला कुठे फोनवर बोलता येतं?”

“मग मला करायचा ना! तिने किती वेळा स्टॉप म्हटलं तुला?”

शनिवारी भांडी पुसताना लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती घाबरते गं तुला. दुपारी एकटी राहणार नाही म्हणते. असंच राहिलं तर तिला शाळा सुटल्यावर तिथेच आफ्टर स्कूलमध्ये घालावं लागेल.” पुढचं ती बोलली नाही, पण मला समजलं. पोरगी माझ्याजवळ राहणार नसेल तर या घरात माझं काम काय? मी परत जायचं. पण जाण्याचं मला एवढं नव्हतं. पोर मला भिऊन राहील आणि मी तशीच जाईन, याचं होतं.

रविवारी आपल्या लोकांची बुद्धवंदना होती, गाडीने तासभर लांब, एकांच्या घरी. दहा-बारा कुटुंबं, त्यांत जुळ्यांचंही; गॅरेजमधली गोष्ट त्यांच्याकडून सगळ्यांना कळली होती. तिथे लहान मुलांकडून पंचशील म्हणवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मला तेवढंच जमायचं, कारण डोळे मिटून करता येतं. मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली. मी पहिलं शील म्हटलं, प्राण्याची हिंसा करणार नाही ते. मुलं माझ्यामागून म्हणाली. एक आवाज कमी होता.

“आजीने म्हणायचं नाही,” नात म्हणाली. “शी किल्ड अ मॉम.”

मग मागून एक काका हसले. “अगं, घूसच ना ती?”

“मोठ्यांना असं बोलतात का?” एक काकू म्हणाल्या. “लाडावून ठेवलंय.”

लेकीने नातीचा दंड धरून तिला उभं केलं. “सॉरी म्हण. आत्ताच्या आत्ता सॉरी म्हण आजीला.” दंड पिळला जात होता. पोरीचं तोंड वाकडं झालं, पण ती म्हणेना.

“सोड तिला,” मी म्हणाले.

त्या लोकांत माझा आवाज तोवर कोणी ऐकला नव्हता, पंचशील सोडून. लेकीने हात सोडला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मुलांकडे बघून बोलले, मोठ्यांकडे बघून जमलं नसतं.

“ती खरं बोलते. मी मारलं. या देशात एक प्राणी असतो, पॉसम. घुशीसारखा दिसतो पण घूस नाही. त्याच्या आईच्या पोटाला पिशवी असते, पिल्लं तिच्यात वाढतात. मोठी झाली की पाठीवर बसतात. तो कोणाच्या अंगावर येत नाही. पळायला जागा उरली नाही की मेल्याचं सोंग घेऊन पडतो, म्हणजे मारणारा थांबेल. मला हे हिने तीन वेळा शिकवलं होतं. मी लक्ष दिलं नाही. ते पडलं होतं तरी मी वरून आणखी एक मारलं.”

मुलांना एवढंच सांगितलं. बाकीचं इथे लिहिते.

माझा नवरा पट्ट्याने मारायचा. गिरणीतून आला की कारण लागायचं नाही. पहिल्या वर्षी मी पळायची, पण खोली दहा बाय दहाची. मग मी खाली पडायला लागले. पडायचं, डोळे उघडे, हातपाय सैल. बहुतेक वेळा तो थांबायचा. काही वेळा मात्र उभा राहून बघायचा, म्हणायचा, “सोंग करते,” आणि जास्तीची एक लाथ घालायचा. एकदा ती पोटावर बसली. लेकीच्या आधीचं होतं ते, सहा महिन्यांचं. मुलगी होती. नवरा मेला त्याला वीस वर्षं झाली. पण मी सोंग करायची, हे मात्र खरंच, असं मला वाटत राहिलं. लबाडी केली म्हणून मला शिक्षा झाली, असं.

“नाही,” वंदनेत माझं बोलून झाल्यावर नात म्हणाली.

डोळे पुसत होती, पण आवाज टीचरचा होता. “सोंग नाही घेत, आजी. तू चुकीचं सांगतेस. पॉसम प्रिटेंड नाही करत. तो खूप घाबरला की त्याची बॉडीच बंद होते, आपोआप. त्याला उठायचं असलं तरी उठता येत नाही. बुकमध्ये लिहिलंय.”

माझ्या डोळ्यांपुढे ती दहा बाय दहाची खोली आली.

“खरंच असं लिहिलंय?”

“मी वाचलं होतं तुला! तू ऐकलंच नाहीस.”

“नाही ऐकलं. तुझं इंग्रजी मला कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.”

तिने थोडा विचार केला. “मग परत शिकवते. मराठीत. पण नीट बसायचं. आणि विचारायचं असेल तर हात वर.”

मी सगळ्यांसमोर हात वर केला. बाही खाली घसरली, चाव्याचं निळं-काळं दिसलं. तिने त्याच्याकडे बघितलं. मी तो हात खाली घेतला नाही.

“त्याला दात किती?” तिने विचारलं.

“फिफ्टी,” मी म्हणाले.

जुळ्या खुदकन हसल्या. नातीने त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि तो प्राणी पहिल्यापासून शिकवायला घेतला. तिला आफ्टर स्कूलमध्ये घातलं नाही. सोमवारी दुपारी ती माझ्याकडेच आली, लाटणं घेऊन बसली. उशी मात्र आणखी पंधरा दिवस तिकडेच होती, आणि मी ती मागितली नाही.