आवाज बंद करून पाहिलेला कप

इंग्लंडचं फुटबॉल आणि जळगावजवळच्या असोद्याचं वांगं यांची सोयरीक आमच्या घरात जुळली, त्याला माझा थोरला भाऊ जबाबदार आहे. त्याला सगळे नाना म्हणतात, मीही. नाना शिरपूरला एका शाळेत खेळाचा मास्तर होता. निवृत्त झाल्यावर धुळ्यात घर बांधून राहिला. मी जळगावात पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकतो. दोघांचं कशावरही एकमत होत नाही. वडिलांच्या फोटोला चंदनाचा हार घालायचा की प्लॅस्टिकचा, यावरून आमच्यात वर्षभर अबोला होता. फक्त तिकडच्या एका लाल शर्टवाल्या संघाच्या बाबतीत आम्ही एका आईची लेकरं आहोत.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे लीग असते आणि कप असतो. लीग म्हणजे वर्षभर सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि शेवटी गुणांची बेरीज करायची. कप म्हणजे हरलात की घरी. त्यात चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, त्यामुळे एखाद्या बलाढ्य संघाला कुठल्यातरी आडगावच्या संघाशी खेळावं लागतं, ज्याचा गोलकीपर एरवी लोकांचे नळ दुरुस्त करतो. असला गोलकीपर कधीकधी मोठ्यांची जिरवतो. नानाला कप आवडायचा तो यासाठी. मला आवडायचा कारण कपाला नाना घरी यायचा.

नाना उगाच कोणाकडे जात नाही, सख्ख्या भावाकडेही नाही. काम हवं, हा त्याचा पहिला नियम. कप हे काम होतं. मोठे संघ कपात उतरतात ते जानेवारीत, आणि तेव्हाच आमच्याकडे भरताची वांगी ऐन भरात असतात. शनिवारी दुपारी अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात. संध्याकाळी सामना. शेजारीपाजारी भरताला झाडून येत आणि सामना सुरू झाला की चपला शोधू लागत. मग आम्ही दोघं उरायचो, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढायला माझी बायको.

दुसरा नियम रिप्लेचा. कपात सामना बरोबरीत सुटला की पूर्वी तो पुन्हा खेळायचे, आणि तोही दुसऱ्या संघाच्या मैदानावर. नानानं हा नियम जसाच्या तसा उचलला. पहिला सामना जळगावात, बरोबरी झाली तर रिप्ले धुळ्याला, त्याच्या घरी. रिप्ले आपल्याकडच्या नको त्या वेळी असायची, म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग लावून पाहायची. तोवर निकाल कळता कामा नये. मी फोन बंद करून पहिल्या बसनं निघायचो. धुळ्याच्या स्टँडवर कोणीतरी इंग्लंडचा स्कोअर ओरडून सांगेल अशी मला धास्ती असायची. आजवर कोणी सांगितला नाही. घरी वहिनी शेवभाजी करून वाट पाहत असायची.

आणि तिसरा नियम, टीव्हीचा आवाज बंद. यात तडजोड नाही. "जे मला दिसतंय ते तो कॉमेंट्रीवाला बाबा मला कशाला सांगतो?" असं नानाचं म्हणणं. शाळेत तो पोरांना मैदानाच्या कडेला बसवून अख्खा सामना तोंड मिटून बघायला लावायचा. खेळ डोळ्यांनी बघायचा असतो, कानांनी नाही, हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. आमच्या घरात लाखभर माणसं टीव्हीवर छाती फुटेस्तोवर बोंबलायची आणि अंगणातल्या कोंबडीलासुद्धा पत्ता लागायचा नाही.

वहिनी गेली तेव्हापासून मी मनातल्या मनात बरोबरी मागू लागलो. आपला संघ जिंकू नये असं वाटणं हे पाप आहे, पण बरोबरी झाली तर धुळ्याला जायला मिळतं. नाना एकटाच राहत होता. पोरगा पुण्यात. त्यानं बापाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं: हातपाय आणि डोळे चालतायत तोवर राहा तिथं, एक जरी बिघडलं तर घराला कुलूप लावून पुण्याला आणीन. वाईट पोरगा नाही. पण नाना पुण्याच्या नवव्या मजल्यावर म्हणजे म्हशीला गच्चीत बांधल्यासारखं. धुळ्याचं घर सुटायला नको, एवढं एकच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

आणि तिकडे कपाचे दिवस फिरले. सामने फार झाले. लीग, युरोपातले सामने, आणखी एक छोटा कप, शिवाय उन्हाळ्यात देशासाठी खेळायचं. दर तिसऱ्या दिवशी सामना. प्रशिक्षक रडू लागले की पोरांचे पाय गळून पडतायत. मग कपाला दुसरा संघ उतरवायची टूम निघाली. खरे खेळाडू घरी सोफ्यावर, आणि मैदानात काल मिसरूड फुटलेली पोरं.

यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे लग्नाची दाट तिथी आली की हेच होतं. एका दिवशी घरात सात-आठ पत्रिका. मग सकाळी चहाबरोबर संघनिवड. साखरपुड्यापासून संबंध असलेल्या घरी कर्ता पुरुष, नशिराबादला धाकटा, आणि लांबच्या चुलत्याच्या मेव्हण्याकडे घरातलं कोणीही, ज्याचे कपडे इस्त्री केलेले असतील ते. यजमानालाही कळतं आपण कितव्या नंबरावर आहोत. कपाचं तेच झालं, तो चुलत्याच्या मेव्हण्याच्या नंबरावर गेला. पुढे रिप्लेही बंद केली, खेळाडू दमतात म्हणून. माझी धुळ्याची फेरी गेली, त्याचं दुःख मात्र तिकडच्या कोणी विचारात घेतलं नाही.

नानाचं डोकं फिरलं. गेले दोन हिवाळे तो कपाला यायचा आणि सामनाभर अहिराणीत कुरकुरायचा. "बठ्ठा नवा पोरे शेतस. एक बी ओळखीना नही!" मी म्हणायचो, नाना, मलाही नाही ओळखू येत, दुसरा संघ आहे. त्यावर तो समाधानानं मान हलवायचा. लीग बघणं त्यानं सोडूनच दिलं. "फार झाली रे लीग. तिसऱ्या दिवशी एक. माणसानं जेवायचं कधी?" मी बायकोला म्हटलं, बघ, तत्त्वाचा माणूस आहे. कपाचा अपमान झाला म्हणून लीगवर बहिष्कार टाकला. बायको म्हणाली, "तुमच्या घरात सगळेच तत्त्वाचे. एकाला धड बोलता येत नाही." मी नेहमीप्रमाणे लक्ष दिलं नाही.

गेल्या जानेवारीत चिठ्ठी निघाली ती अगदी आडगावच्या संघाबरोबर. नाना दुपारच्या बसनं आला. स्टँडवरून त्यानं फोन केला की घ्यायला ये. एरवी रिक्षानं यायचा. मी म्हटलं, वय झालं. भरीत झकास जमलं होतं. नानानं पानातली मिरची भेंडीसारखी उचलून तोंडात टाकली आणि पाणी पाणी करत बसला. आम्ही हसलो. तोही हसला, जरा उशिरानं.

सामना सुरू झाला. आमच्या संघानं अपेक्षेप्रमाणे पोरंसोरं उतरवली होती. आडगाववाल्यांनी गोल मारला. नाना खुर्ची टीव्हीजवळ ओढून, पुढे वाकून बसला होता. "किती झालं?" त्यानं विचारलं. स्कोअर कोपऱ्यात हातभर अक्षरांत लिहिला होता. "एक-शून्य, त्यांचा," मी म्हटलं. उत्तरार्धात प्रशिक्षकाला घाम फुटला आणि त्यानं सोफ्यावरची मोठी मंडळी मैदानात पाठवली. पहिला आला तो आमचा कप्तान. दहा वर्षं तोच. ताडमाड उंच, लाल दाढी, दंडाला पट्टी. शिरपूरच्या शाळेत नाना ज्याच्या पासिंगची गोष्ट पोरांना सांगायचा तो. कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा असा जवळून दाखवला की दाढीचे केस मोजावेत. मी टाळी वाजवायला हात वर केले.

"हाऊ कोन शे?" नाना म्हणाला. "आखो एक नवा पोऱ्या."

माझे हात तसेच राहिले. मी नानाकडे पाहिलं. तो टीव्हीकडे पाहत होता, टीव्हीच्या थोडं बाजूला. दोन हिवाळे एका क्षणात माझ्यासमोरून गेले. ओळखू न येणारी पोरं, सोडून दिलेली लीग, स्टँडवरचा फोन, ती मिरची. सामन्यात खरोखरच कोणी ओळखीचं नसायचं, म्हणून त्याला सोयीचं होतं. कपाचा अपमान झाला होता आणि हा माणूस त्या अपमानाच्या आड लपून बसला होता. मला भयंकर राग आला. रडूही आलं. बायको दारात भाकरी घेऊन उभी होती, तिच्याकडे बघून कळलं की तिला केव्हाच कळलं होतं.

"काय माहीत नाना," मी म्हटलं, "हल्ली कोणालाही खेळवतात."

कप्तानानं गोल मारला. पडद्यावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि आमच्या घरात चुलीवरची भाकरी फुगल्याचा आवाज येत होता. मी गोल झाला म्हणून सांगायला हवं होतं, पण मी नानाकडेच बघत राहिलो. मग नाना खुर्ची मागे सरकवत म्हणाला, "आवाज लाव."

मी रिमोट शोधला. इतक्या वर्षांत सामना चालू असताना आवाजाचं बटण दाबलंच नव्हतं, ते सापडेना. एकदम गर्दीचा कल्लोळ घरात घुसला, कोंबड्या अंगणभर पळाल्या. इंग्रजी बोलणारा बाबा कप्तानाचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता. नानानं डोळे मिटले आणि ऐकलं. "दहा वरीस झायात याले बघतोय," तो म्हणाला. "माले दखास नही, भो. मधोमध काळं दिसतं. कडेकडेनं थोडं दिसतं." डोळे न उघडताच म्हणाला, "पुण्याला बोलू नको."

मग मात्र मी भडकलो. स्कूटर चालवतोस का अजून, म्हणून ओरडलो. दिवाळीपासून बंद आहे म्हणाला. गॅस कोण पेटवतं? "चटका बसतो, तेव्हा कळतं पेटला." हे तो विनोद म्हणून सांगत होता. बसची पाटी वाचता येत नाही म्हणून स्टँडवर दोघा-तिघांना विचारून, मग कंडक्टरला विचारून बसला होता. एवढं करून कपाला आला होता, ज्यातलं त्याला काही दिसणार नव्हतं. बरोबरी झाली होती, आणि रिप्लेऐवजी टीव्हीवर पेनल्टी चालू होत्या. आम्ही हरलो असं वाटलं, नंतर पाहिलं तर जिंकलो होतो.

सोमवारी जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडदा खराब झालाय म्हणाले. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते इंजेक्शनांनी टिकवून बघू. मी म्हटलं, नाना, पुण्याला तूच फोन कर. त्यानं केला. पोरगा अपेक्षेप्रमाणे म्हणाला, आता बस झालं, मी न्यायला येतो. नानानं फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची मान बारीक झालेली मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. मी पुतण्याला सांगितलं, स्वयंपाकाला बाई लावतो, नाना गॅसला हात लावणार नाही, आणि मी येऊन-जाऊन राहीन. "काका, तुम्ही कधी जाता धुळ्याला? वर्षातून एकदा!" पुतण्या म्हणाला. खोटं नव्हतं. मी म्हटलं, आता प्रत्येक सामन्याला जाईन. त्याला वाटलं कपाच्या. मी म्हटलं, लीगच्या.

नाना मागून म्हणाला, "अरे, तिसऱ्या दिवशी असतो एक."

"असू दे," मी म्हटलं.

तेव्हापासून माझे सामने फार झालेत. दुकान पोरगा बघतो. संध्याकाळचा सामना असला की दुपारची बस, रात्री धुळ्यात मुक्काम, सकाळी परत. अंग मोडून येतं. ते प्रशिक्षक रडायचे त्यात तथ्य होतं, हे आता मी कबूल करतो. मधे एकदा कंबर धरली म्हणून पोराला पाठवलं, तर नानानं फोन करून विचारलं, दुसरा संघ कशाला उतरवलास? पुन्हा पाठवला नाही.

पहिल्यांदा गेलो त्या दिवशीचं सांगतो. दार उघडंच होतं. नाना टीव्हीसमोर बसला होता, आवाज मोठ्ठा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका. मी चपला काढल्या तशी त्यानं मान वळवली, माझ्या थोडं बाजूला पाहिलं, आणि चाचपत रिमोट घेऊन आवाज पार बंद केला. शेजारच्या खुर्चीवर हात थोपटून म्हणाला, "बस. आता तू सांग."