तपासणीपुरती सिस्टर

"आई काय करते तुमची?"

कर्वेनगरातल्या एका हॉस्पिटलच्या केबिनमध्ये मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मॅडम म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. हॉस्पिटल डॉक्टरांचं, कारभार मॅडमचा. त्यांच्यासमोर माझे कागद होते. नर्सिंगची पदवी, गुणपत्रिका, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. ते त्यांनी अजून उघडलेही नव्हते.

मी खरं ते सांगितलं. "सरकारी दवाखान्यात मावशी होती. चंद्रपूरकडे. आता रिटायर झाली."

मावशी म्हणजे वॉर्डातली फरशी पुसणारी, पेशंटची घाण काढणारी बाई. दवाखान्यात तिला लहानथोर सगळे मावशी म्हणतात. नात्याचा गोड शब्द लावायचा आणि बेडपॅन तिच्याकडे सरकवायचं, अशी ती पद्धत आहे.

"मग तुम्हाला काम जड नाही जायचं," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, नर्सच्या कामाबद्दल बोलतायत. मी हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

मग त्यांनी कागद उघडले. आडनावावर बोट थांबलं. "सरकारी कॉलेज का? हं. म्हणजे प्रवेशाचा प्रश्नच नसेल आला." पुढचं पान. पास झाल्याचं वर्ष बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अकरा वर्षं झाली की हो. एवढी वर्षं काय करत होतात? पेशंट बरे व्हायची वाट बघत होतात का?"

शेजारी उभी असलेली रिसेप्शनची मुलगी फिसकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. आवाज चढवायचा नाही, अहो-जाहो सोडायचं नाही, आणि माणूस सोलून ठेवायचा. मला शिवी परवडली असती. शिवीला निदान उलट शिवी देता येते.

अकरा वर्षं मी काय करत होते? निकाल लागला त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लावलं. सासूने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, रात्रपाळी करणारी सून आमच्या घरात चालणार नाही. नवऱ्याला चाकणच्या कारखान्यात काम लागलं म्हणून पुण्याला आलो. दोन बाळंतपणं झाली. सासू अंथरुणाला खिळली, तिची सगळी शुश्रूषा मीच केली. तिला सुई टोचायला, तिची जखम धुवायला माझं शिक्षण चाललं. घराबाहेर तेच शिक्षण चालत नव्हतं. ती गेली तेव्हा मी रडले, आणि तेराव्यानंतर ट्रंकेतले कागद बाहेर काढले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग दारोदार फिरले. एका ठिकाणी म्हणाले, फ्रेशर म्हणून घ्यायला वय जास्त आहे. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वय चालेल, पण अनुभव कुठाय? अनुभव कुठून आणणार? तो कोणी घरपोच देतं का? मुलाखतीला माझ्या शेजारी बसलेल्या मुली मला ताई म्हणायच्या, एकीने तर विचारलं, मुलीला घेऊन आलात का? तिचा काही दोष नव्हता. पण घरी येऊन मी भांडी आपटली.

म्हणून कर्वेनगरच्या मॅडम जेव्हा म्हणाल्या, "स्टाफ नर्स म्हणून लगेच नाही घेता येणार, तुमचा हात मोडलाय, सराव राहिला नाही. सध्या मावशींबरोबर काम करा, वॉर्डाची सवय होईल, मग बघू," तेव्हा मी हो म्हणाले. "ओरिजिनल कागद इथेच ठेवून जा, आमच्याकडे तशी पद्धत आहे," हेही ऐकलं. ठेवून आले. आमच्यासारख्या घरांत अशीच समजूत असते. साहेबाने कागद ठेवून घेतले म्हणजे काम झालं. कागद परत केले म्हणजे नाकारलं. माझ्या आधी घरात कोणी पदवीच घेतली नव्हती, तर पदवी कोणाच्या हातात सोडू नये हे मला कोण सांगणार होतं?

मला तपकिरी साडी मिळाली. मी फरशी पुसली, चादरी बदलल्या, बेडपॅन धुतले. इंजेक्शन देणाऱ्या, सलाइन लावणाऱ्या मुली बारावी झालेल्या होत्या. कोणी कसला तरी छोटा कोर्स केलेला, कोणी तेवढाही नाही. त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांनाही तुटपुंजा पगार होता, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या मला "मावशी, जरा इकडे या" म्हणायच्या आणि माझ्या कानशिलाची शीर उडायची.

मला मावशीच्या कामाची लाज वाटते, असं कोणी समजू नये. त्या कामावर मी शिकले. माझ्या मायच्या हाताला फिनेलचा वास कायमचा बसला होता, जेवू घालायची तेव्हा घासालाही यायचा. ती म्हणायची, "मी झाडलं थेवढं पुरे झालं वं. तू सुई धर." पुण्यात आल्यापासून तिचा फोन आला की एकच प्रश्न. "सुई आली का हातात?" मी विषय बदलायची.

"मग बघू"चं काय झालं, असं मी मॅडमना अधूनमधून विचारायची. "बघतोय ना," त्या म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही फार छान साफ करता हो. उगाच कशाला त्यात पडता?"

मग एका सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कोरा करकरीत पांढरा युनिफॉर्म होता. त्यावर नावाची पट्टी. पट्टीवर माझं नाव, खाली स्टाफ नर्स. इतक्या महिन्यांत त्या इमारतीत मला कोणी नावाने हाक मारली नव्हती. आणि आज ते छापून आणलं होतं.

"आंघोळ करून आलात ना? घाला हे. आज तुम्ही सिस्टर."

मला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे? बाथरूममध्ये कपडे बदलताना माझे डोळे भरून आले. आरशात बघून मी पट्टी दोनदा सरळ केली.

बाहेर आले तर टेबलावर फाइल उघडी होती. त्यात माझी पदवी, माझं रजिस्ट्रेशन, छान प्लॅस्टिकच्या कव्हरात. मॅडम समजावून सांगत होत्या. "हॉस्पिटलच्या परवान्याच्या तपासणीला साहेब येतायत. विचारलं तर सांगायचं, रुजू झाल्यापासून याच पदावर आहे. जास्त बोलायचं नाही."

तेव्हा लख्ख उजेड पडला. या हॉस्पिटलला नर्स नकोच होती. नर्सचे कागद हवे होते. कागद फाइलमध्ये सिस्टर म्हणून बसले होते, आणि त्या कागदांची मालकीण संडास धुत होती. माझा हात मोडलेला नव्हता. तो पुसायला स्वस्त पडत होता, एवढंच.

साहेब आले. डॉक्टर त्यांच्या मागेपुढे. वॉर्डात माझ्यासमोर थांबून त्यांनी पट्टी वाचली.

"कधीपासून आहात इथे?"

"सिस्टर म्हणून आज सकाळपासून," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते कसं निघालं ते मलाच कळलं नाही. डॉक्टर घाईने म्हणाले, "गावाकडच्या आहेत, सर. गोंधळतात जरा." साहेबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. फिनेलने बोटांची सालं गेलेली होती. त्यांना समजलं, हे मी शपथेवर सांगेन. समजूनही ते हसले, "चालायचंच" म्हणाले, आणि केबिनमध्ये जाऊन बसले. आत चहा गेला, बाकरवडी गेली. थोड्या वेळाने मॅडमनी दारातून मला खूण केली. कपबशा उचलायच्या होत्या. त्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये मी साहेबांचा उष्टा कप उचलला, आणि त्यांनी पाय बाजूला घेतला.

गाडी गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "चला, कपडे बदला. चार नंबरमध्ये आजोबांना उलटी झालीय, ती बघा. आणि ती पट्टी माझ्याकडे द्या. पुढच्या वेळी लागेल."

पुढच्या वेळी लागेल. म्हणजे माझं नाव यांच्या ड्रॉवरमध्ये राहणार. साहेब आले की बाहेर काढायचं, गेले की आत टाकायचं.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"पट्टी देणार नाही. कपडे आत्ता काढणार नाही. माझे कागद द्या."

"कागद असे लगेच मिळत नसतात. महिन्याची नोटीस द्यावी लागते. मावशी असली तरी."

"मावशीची पदवी कशाला लागते तुम्हाला?"

मॅडमनी फाइल उचलून कपाटात टाकली. मी केबिनमधून निघाले आणि आधी चार नंबरमध्ये गेले. आजोबांची उलटी काढली, तोंड पुसलं, चादर बदलली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग हात धुतले आणि ओपीडीत, पेशंटच्या बाकावर जाऊन बसले.

दुपारची गर्दी होती. पांढरे कपडे बघून एका बाईंनी विचारलं, "सिस्टर, माझा नंबर कधी येईल हो?"

मी मोठ्याने सांगितलं. "बाई, मला इथे सिस्टरचं काम देत नाहीत. मी फरशी पुसते. माझी पदवी फाइलला लावून हे तपासणी पास करतात. आत तुम्हाला सुई कोण टोचतंय, ते विचारून घ्या." बाकावरची माणसं माझ्याकडे वळली. एकाने हातातली फाइल बंद केली. एक म्हातारे गृहस्थ उठून रिसेप्शनकडे गेले आणि शांतपणे म्हणाले, "काय हो, या म्हणतायत ते खरंय का? की आम्हीही कागदोपत्रीच बरे होणार?"

डॉक्टर स्वतः बाहेर आले. कागद माझ्या मांडीवर टाकले. "तमाशा नको. घ्या आणि चालत्या व्हा. पुण्यात कोण काम देतंय तुम्हाला, बघतोच."

मी एकेक कागद त्यांच्यासमोर तपासला. सगळे आहेत हे बघितल्यावरच उठले. घरी बसमधून गेले ती त्याच कपड्यांत.

पुढे पुष्कळ दारं बंद झाली. त्यांनी फोन केले असतील, नसतीलही. शेवटी कसबा पेठेतल्या एका जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात घेतलं. मेट्रनबाईंनी विचारलं, मध्ये एवढी वर्षं काय केलं? मी म्हणाले, "घरात फुकट नर्सिंग केलं आणि हॉस्पिटलात पदवी असून संडास धुतले." त्यांनी घेतलं ते काही न्याय म्हणून नाही. त्या पगारात मुली टिकत नव्हत्या. पण नेमणुकीच्या पत्रावर स्टाफ नर्स असं लिहिलंय, आणि मी सिस्टरचंच काम करते. पहिल्यांदा सलाइन लावताना शीर दुसऱ्या टोचण्यात सापडली. थोड्या दिवसांत हात बसला. एवढ्यासाठी मला वर्षानुवर्षं दारात उभं केलं होतं.

मायला फोन केला. सुई आली हातात, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता कोणाचं ऐकून घेऊ नको."

इथे माझ्या वॉर्डात एक मावशी आहे. परभणीची, माझ्याच वयाची. परवा डबा खाताना तिने हळूच सांगितलं की तिचाही नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, कागद ऑफिसात जमा आहेत. आज सकाळी तिच्यासाठी पांढरा युनिफॉर्म आला. उद्या तपासणी आहे.

मी मेट्रनबाईंकडे गेले, तिला सिस्टरचं काम का देत नाही म्हणून विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही यात पडू नका. तुमचं झालंय ना आता? मग?"

"माझं झालंय, म्हणूनच विचारतेय," मी म्हणाले. त्यांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

मी परभणीच्या बाईला गाठलं. तिला सांगितलं, "उद्या ते कपडे घाला. साहेब गेल्यावर काढायला सांगतील, तेव्हा काढू नका. साहेब असतानाच मी बोलणार आहे, सगळ्या वॉर्डासमोर."

"ताई, तुमची नोकरी जाईल," ती म्हणाली.

जाईल. पहिला पगार अजून हातात यायचाय, आणि भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण मी उद्या बोलणार आहे. साहेबांनी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. इथून काढलं तर पुढच्या दवाखान्यात जाईन, आणि तिथेही तपासणीच्या दिवशी बोलेन.