सुई शून्यावर

निजामाची राजवट शेवटाला आली होती, तेव्हा माझं पोस्टिंग सोलापूरला होतं. तोफखान्याच्या टेहळणी विमानावर मी वायरलेस ऑपरेटर. विमान लहान, कापडी अंगाचं. पायलट कॅप्टन जगदाळे, कराडचे. सकाळी तुळजापूरच्या घाटावरून चक्कर मारायची, नळदुर्गच्या रस्त्यावर नजर ठेवायची आणि दिसेल ते खाली कळवायचं, हे आमचं रोजचं काम.

एकदा जळकोटच्या गायरानात उतरलो आणि पावसानं चार दिवस अडकलो. आभाळ उघडलं त्या सकाळी पलीकडच्या ओढ्याजवळ गोळीबार झाला. विमानाच्या पहाऱ्यावरच्या लान्स नाईक भैरूच्या खांद्यात गोळी बसली. भैरू परांड्याकडच्या सोनारीचा, गावच्या देवावरूनच नाव ठेवलेला. पट्टी बदलली की भिजत होती. नदीला पूर, अँब्युलन्स पलीकडं अडकलेली.

"मागच्या सीटवर घ्या," कॅप्टन म्हणाले.

विमान धावू लागलं. वेग दाखवणारी सुई मात्र शून्यावरच. थांबायला जागा उरली नव्हती, समोर बाभळी होत्या. कॅप्टननी विमान उचललं. चाकं शेंड्यांना घासून गेली.

"साहेब, सुई..."

"बघितली. रुमाल आहे?"

"आहे, साहेब."

"झाक तिला. नजर सारखी तिकडंच जाते."

मी डायलवर रुमाल खोचला. वेग फार कमी झाला तर विमान दगडासारखं खाली येतं, हे मला माहीत होतं. कॅप्टन इंजिनच्या फेऱ्यांचा काटा बघत होते, नाक क्षितिजाच्या खाली किती आहे ते बघत होते आणि वाऱ्याचा आवाज ऐकत होते. वळणं अगदी अलगद घेत होते.

मी वायरलेसवर कळवलं, "एअरस्पीड बंद. जखमी सोबत. धावपट्टी मोकळी ठेवा. ओव्हर."

"मोकळी आहे. ओव्हर."

मागं भैरूनं डोळे उघडले. "सोनारी दिसती का हितनं?"

"न्हाय गड्या. उजव्या अंगाला, लई लांब," मी म्हणालो.

"मग म्या तिकडंच हात जोडतो."

त्याला एकच हात उचलता आला. मी मागं वळून माझा हात त्याच्या तळव्याला लावला. कॅप्टननी ते पाहिलं असावं. म्हणाले, "भैरू, उतरताना जरा आदळेल. सोसशील?"

"व्हय, साहेब."

ते नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगानं उतरले. विमान दोनदा उसळलं, पट्टीच्या पार टोकाला जाऊन थांबलं. स्ट्रेचर धावत आलं. भैरूला नेल्यावर कॅप्टननी पंखाखालच्या नळीत काडी घातली; वेगाच्या सुईला वारा पोचायचा तो तिच्यातूनच. वाळलेला चिखल निघाला. कुंभारमाशीनं आत घर केलं होतं.

"बिचारीला वाटलं, आपण इथंच राहणार," ते म्हणाले.

भैरू वाचला. कॅप्टन जगदाळे पुढं उत्तरेत बर्फाच्या डोंगरात गेले. विमान सापडलं, ते सापडले नाहीत.

भैरू आणि मी कराडला त्यांच्या आईंना भेटायला गेलो. भैरूनं नाव सांगितलं, कॅप्टनसाहेबांनी आपल्याला कसं आणलं ते सांगितलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या आणि त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला.

"दुखतंय का अजून?"

"थंडीत, थोडं."

"शेकत जा," त्या म्हणाल्या. हात बराच वेळ तिथंच होता.