पांढरे कल्ले

मॉन्तेरे शहराच्या दक्षिणेला आमची लोमा लार्गाची टेकडी आहे. तिथे एवोदिओ रांगेलला ओळखत नाही असं कुत्रंही नव्हतं, आणि ओळख पटायची ती कल्ल्यांवरून. डोक्याचा मागचा भाग तासलेला, कपाळावर कात्रीने सरळ कापलेली बट, आणि कानांपुढून निघालेले वीतभर लांब कल्ले, जेल थापून दोन्ही गालांवर चिकटवलेले. भूकंप झाला तरी त्यातला एक केस हलला नसता. अंगात मोठ्या फुलांचा सैल शर्ट, कडक इस्त्रीची पायघोळ पॅन्ट आणि गळ्यात लोकरीने विणलेला तळहाताएवढा ताईत. त्याच्या एका बाजूला संत, दुसऱ्या बाजूला आपलं नाव आणि वस्तीचं नाव.

अशा पोरांना आमच्याकडे कोलोंबिया म्हणतात. त्या देशात आमच्यापैकी कुणी पाऊलही ठेवलेलं नाही. तिकडची गाणी आमच्या आजोबांच्या वेळी टेकडीवर चढली आणि परत उतरली नाहीत, एवढंच. ती आम्ही मुद्दाम संथ करून ऐकतो, सेल संपत आलेल्या टेपसारखी, आणि कमरेत वाकून त्यावर गोल गोल नाचतो. एवोदिओ भाजीच्या मंडईत हमाल होता, पण चालायचा असा की टोमॅटोच्या सगळ्या पेट्या त्याच्या बापाच्या. कुणी एक बोललं की हा दोन ऐकवायचा. लोक हसायचे, आणि ते हसले की याला आणखी चेव यायचा.

चक्रीवादळाने नदीकाठचा रस्ता खाल्ला, त्याच्या पुढच्या वर्षी खालचं जग फिरलं. टोळ्यांच्या बिननंबरच्या गाड्या फिरू लागल्या. त्यांना कामाला कल्लेवाली पोरं हवी असायची, आणि त्या गाडीत बसलेला पोरगा पुन्हा दिसायचा नाही. टेकडीच्या पायथ्याला सैनिकांची चौकी आली. त्यांना तीच पोरं त्या गाड्यांतली वाटायची. इकडे आड तिकडे विहीर. एकेकाने गुपचूप कल्ले उतरवले. एवोदिओने नाही उतरवले. मग मंडई सुटली, शहर सुटलं. आता तो टेकडीवरच गॅसच्या टाक्या पाठीवर घालून पायऱ्या चढायचा आणि उतरताना शेवटच्या पायरीच्या बऱ्याच अलीकडे थांबायचा.

त्याची बायको यादिरा बाळंतपणाला आपोदाकाला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला माहेरी गेली होती. टेकडीवरच्या बातम्या ऐकून तिच्या बापाने तिला परत पाठवलंच नाही. मुलगी आठ महिन्यांची झाली. ब्रिसेइदा तिचं नाव. बापाने तिला बघितलं होतं ते फोनवरच्या फोटोत. आणि आता रविवारी बारा वाजता तिचा बाप्तिस्मा ठरला.

सासरे कासिमिरो स्वतः फोनवर आले. "बाप म्हणून देवळात उभं राहायचं असेल तर माणसासारखा ये. ते गालावरचं शेण काढून. नाहीतर पोरीला मी धरतो, आणि पुढंही मीच सांभाळतो. काय समजायचं ते समज."

एवोदिओच्या तोंडावर उत्तर आलं होतं. त्याने ते गिळलं. आई शेजारी उभी राहून बघत होती.

"गिळलंस ना? बरं झालं," त्याची आई एर्मिनिया म्हणाली. "आता जा त्या ग्रिल्योकडे. केसच आहेत रे बाबा, उगवतील परत."

"चेहरा आहे माझा तो, आई."

"चेहरा मी दिलाय तुला. त्यावर कल्ले नव्हते."

ग्रिल्यो म्हणजे रातकिडा. बडबडीमुळे पडलेलं नाव. एके काळी टेकडीवरच्या सगळ्यांचे कल्ले तोच कोरायचा, आता त्याच खुर्चीत बँकेतल्या कारकुनासारखे केस कापायचा.

"काढू?"

"काढ. विचारत बसू नकोस."

वस्तरा फिरला. एवोदिओने डोळे मिटून घेतले होते. बराच वेळ झाला तरी ग्रिल्यो काही बोलेना, म्हणून त्याने डोळे उघडून आरशात पाहिलं. कल्ले गेले होते आणि होतेही. बारा-तेरा वर्षं त्या चिकटवलेल्या केसांखाली ऊन लागलं नव्हतं. उन्हाने रापलेल्या गालांवर दोन पांढरे पट्टे, नेमके कल्ल्यांच्या आकाराचे, टोकाच्या बाकासकट.

"लेका," ग्रिल्यो हळूच म्हणाला, "काम मात्र सुबक केलं होतं मी."

शनिवारभर एवोदिओ गच्चीवर उन्हात बसला, एकदा हा गाल, एकदा तो. पांढरं जरा तांबूस झालं आणि बाकीचा चेहरा आणखी काळा पडला. फरक होता तेवढाच राहिला. आईने कॉफीचं पाणी चोळून पाहिलं, घामाबरोबर ते गळ्यावर उतरलं. बसल्या बसल्या त्याने एक काम पुरं केलं. मुलीसाठी इवलासा ताईत विणत होता. पांढऱ्या लोकरीवर लाल अक्षरांत ब्रिसेइदा, आणि खाली वस्तीचं नाव. वस्तीचं नाव नसेल तर तो ताईत कसला? आमच्यापैकी कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नसतं.

रविवारी ग्रिल्योने त्याला आपला निळा शर्ट दिला आणि पायऱ्यांपर्यंत सोबत आला. "कल्ले काढलेस, आता ती चालही काढ. नीट चाल, चार लोकांसारखा. आणि खाली तोंड उघडू नकोस. तुझं तोंड तुझ्या कल्ल्यांपेक्षा लांब आहे."

"मुका होतो आजच्या दिवस."

बस चौकीवर थांबली. एक तरुण सैनिक चढला, एकेक चेहरा बघत मागे आला आणि एवोदिओपाशी थबकला. त्याने बोट पुढे करून एका पट्ट्यावरून कानापासून खाली फिरवलं.

"हे काय? कालपरवाच काढले? कोणापासून लपतोयस?"

त्याला खाली उतरवलं. खिशातलं सगळं ट्रकच्या बॉनेटवर मांडलं. फोन, बसचे सुटे पैसे, ताईत. सैनिकाने ताईत उचलून सार्जंटला दाखवला. "हे बघा. वस्तीचं नाव. टोळीचाच आहे. ही ब्रिसेइदा कोण? तुमची म्होरकी?"

एवोदिओ गप्प राहणार होता. खरंच राहणार होता. पण प्रश्न मुलीबद्दल होता.

"मुलगी आहे माझी, साहेब. आठ महिन्यांची. आज बाप्तिस्मा आहे तिचा. तिची टोळी अजून पाळण्यातच मुततेय."

सार्जंट वयाने मोठा, सुटलेल्या पोटाचा माणूस होता. तो खो खो हसला. मागचे दोघेही हसले. बसमधली एक म्हातारीही खिडकीतून हसली. सार्जंटने हात झटकला. "दे त्याचं सामान. जाऊ दे, पोरीचा बाप आहे."

इथे एवोदिओने सामान उचलून बसमध्ये चढायचं होतं, एवढंच. ड्रायव्हरने इंजिनही बंद केलं नव्हतं. पण कित्येक महिन्यांनी त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं होतं, टेकडीखाली, भर रस्त्यात. त्याच्या पाठीचा कणा आपोआप जुन्या वळणावर गेला. त्या पोरगेल्या सैनिकाने घाम पुसायला शिरस्त्राण काढलं होतं. कानापासून हनुवटीखाली जाणारी पट्ट्याची पांढरी रेघ त्याच्या काळ्या तोंडावर उठून दिसत होती.

"साहेब," एवोदिओ त्याला म्हणाला, "तुमचेपण छान आलेत की. कुठल्या टोळीचे?"

या वेळी म्हातारी सगळ्यात आधी हसली, मग सगळी बस. त्या पोराचं तोंड लालबुंद झालं. सार्जंटचं हसू मात्र थांबलं. बसभर लोकांसमोर आपल्या माणसाची अब्रू जाऊ देणारा सार्जंट कुठल्याही सैन्यात नसतो.

"बसव याला तिकडे," तो शांतपणे म्हणाला. "संध्याकाळी पाळी बदलेपर्यंत. बसला जाऊ दे."

बस गेली. एवोदिओ फुटपाथच्या कडेला उन्हात बसला, हात मानेमागे. "साहेब, चुकलं," तो म्हणाला, "बाप्तिस्मा खरंच आहे." कुणी ऐकलं नाही. गप्प राहिलो असतो तर, गप्प राहिलो असतो तर, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं. बाराचे टोल पडले. थोड्याच वेळात बॉनेटवरचा त्याचा फोन वाजला. रिंगटोन म्हणून त्याने आमचंच एक गाणं लावलं होतं, संथ केलेलं. अकॉर्डियनचे सूर ओढत ओढत रस्त्यावर आले. यादिरा असणार. देवळाच्या दारात उभी असणार, मुलीला पांढरा झगा घालून.

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा एवोदिओच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय ताल धरतोय. त्याने सांगितलं नव्हतं. पाय आपला आपण हलत होता, टाच खाली, बोटं वर. त्याने डावा पाय उचलून उजव्यावर ठेवला आणि सगळं वजन टाकून दाबून धरला.

तरुण सैनिक समोर येऊन उभा राहिला. त्याने शिरस्त्राण परत घातलं होतं, पट्टा घट्ट आवळून.

"काय, नाचायचंय?"

बॉनेटवर गाणं चालूच होतं. एवोदिओने मान वर केली नाही.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

मग फोन थांबला आणि पुन्हा वाजला नाही.