नाकीडोळी नीटस

लॅबकडून आलेलं पाकीट फोडून मी तो फोटो बाहेर काढला तेव्हा आधी टोपी दिसली. नर्सची पांढरी, खळ घातलेली टोपी, तिची चुणी न् चुणी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. खाली पट्ट्याचं चांदीचं बक्कल लखलखत होतं. आणि या दोन्हींच्या मध्ये, जिथे बाईचा चेहरा असायला हवा, तिथे एक काळा डाग होता. त्यात डोळ्यांचे दोन पांढरे ठिपके. बाकी काही नाही.

मालकांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि टोपी छान आल्याचं सांगून ते चहा करायला गेले.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. नवरा बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होता आणि मी बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत नोकरी करत होते. पुण्यात फोटोग्राफीचा डिप्लोमा केला होता, आणि परदेशात येऊन खिडकीतून पाऊस बघत बसण्याचा माझा पिंड नव्हता. मालक गोरे, वयस्कर, स्वभावाने गोड. त्यांचं सगळं काम गोडीगुलाबीनं चालायचं, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं फार अवघड होतं.

फोटोतली बाई माझ्या नवऱ्याच्याच हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डची सिस्टर होती. तरुणपणी जमैकाहून नर्सिंगसाठी आली आणि आता निवृत्त होणार होती. हॉस्पिटलच्या दारापासून कँटीनपर्यंत जो लांबलचक कॉरिडॉर होता, त्याच्या भिंतीवर मोठमोठ्या डॉक्टरांच्या तसबिरी होत्या. सगळे पुरुष, सगळे गोरे. या भिंतीवर एक तरी नर्स हवी म्हणून तिथल्या नर्सेसनी हॉस्पिटलच्या कमिटीचा पिच्छा पुरवला होता, आणि शेवटी कमिटीनं हो म्हटलं. नर्सेसनी एकमतानं हिचं नाव दिलं. म्हणून ती बक्कल घासूनपुसून आमच्याकडे आली होती आणि तिचा फोटो मालकांनी काढला होता.

तो डाग मी तिला दाखवणारच नव्हते. पण ती स्वतःच दुकानात आली आणि मालकांनी हसतमुखानं फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, "हाच लावणार का तिथे?"

मी म्हटलं, नाही, हा बिघडलाय, परत काढू. तर तिनं मान हलवली. तिच्या सगळ्याच फोटोंत असं होतं म्हणे. मुलीच्या लग्नात, पासपोर्टवर, वॉर्डातल्या ख्रिसमसच्या ग्रुपमध्ये. दर वेळी कपडे छान येतात आणि ती येत नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिच्या चेहऱ्याचंच काहीतरी चुकतंय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वॉर्डातल्या आजारी पोरांना जिचा चेहरा बघून धीर यायचा, तिला आपल्या चेहऱ्याचा संशय यावा? हा संशय तिच्या मनात घातला कोणी?

मी लॅबला फोन लावला. तिथल्या माणसानं लहान मुलाला समजवावं तसं मला समजावलं. रोज सकाळी मशीनमधून एक ठरलेला फोटो छापतात. त्यात एक गोरी मुलगी असते, बाजूला रंगीत चौकोन असतात. त्या मुलीचे गाल बरोबर गुलाबी आले की मशीन बरोबर लागलं असं धरायचं. मग दिवसभर सगळ्यांचे फोटो त्यावर निघतात. मी विचारलं, आणि ज्यांचे गाल गुलाबी नाहीत त्यांचं काय? तो म्हणाला, तशी फारशी तक्रार येत नाही. येईल कशी? लोकांना वाटतं, आपला चेहराच तसा.

मालकांचं म्हणणं तर आणखी साधं होतं. असे चेहरे अवघडच असतात, त्याला कोण काय करणार. हे त्यांनी अगदी सहानुभूतीनं सांगितलं.

त्याच आठवड्यात एका फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीचं काम आलं. मोठं महोगनीचं कपाट, जवळजवळ काळं म्हणावं इतकं गडद. मालक सकाळपासून त्याच्यापुढे गुडघे टेकून होते. दोन्ही बाजूंनी दिवे, समोर पांढरे बोर्ड, लेन्स नेहमीपेक्षा जास्त उघडलेली. उजेड मोजायचं मीटर कुठे भिंतीपाशी नाही, थेट लाकडाला भिडवून धरलेलं. मी विचारलं, इतका खटाटोप कशासाठी? ते म्हणाले, गडद लाकूड आहे, त्याची रेघ न् रेघ दिसली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक फोटो परत पाठवेल.

मी हातातला बोर्ड खाली ठेवला. म्हटलं, "कपाटाला देता तेवढा उजेड त्या सिस्टरला का नाही दिलात?"

 ते चष्मा काढून पुसत राहिले. त्यांनाही कळलं असावं, पण मला त्यांची दया आली नाही, आजही येत नाही. अवघड वगैरे काही नव्हतं. त्यांना ते येत होतं. फक्त माणसासाठी करावं असं कधी वाटलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले की बुधवारी दुपारी दुकान बंदच असतं, तेव्हा स्टुडिओ माझा.

बुधवारी सिस्टर आली. मी दिवे बाजूला घेतले, बोर्ड जवळ आणले आणि मीटर टोपीपाशी न धरता तिच्या गालाजवळ धरलं. जास्त उजेडानं टोपी जराशी जळून नुसती पांढरी आली तरी चालेल, टोपीचा फोटो काढायचा नव्हता. हसा असं मी म्हटलं नाही आणि तीही हसली नाही. राउंडला उशिरा आलेल्या डॉक्टरकडे ती कशी बघत असेल, तशी सरळ लेन्सकडे बघत बसली. रंगीत मशीनवर माझा विश्वास उरला नव्हता. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट घातली आणि मागच्या डार्करूममध्ये स्वतः छापली.

काय चेहरा होता तो. गालफडांचं रुंद हाड, डोळ्यांखाली जागरणांच्या बारीक घड्या, हनुवटीवर एक जुना व्रण. कपाळाची कातडी घडीव आणि तुकतुकीत. या बाईपुढे कोणी आवाज चढवणार नाही हे फोटोतही समजत होतं. प्रिंट वाळल्यावर तिच्या हातात दिली. तिनं टोपीकडे पाहिलंच नाही. "ही मी आहे," एवढंच म्हणाली आणि रुमाल काढला.

तो फोटो हॉस्पिटलात गेला आणि आठवड्याभरात कमिटीतल्या एका बाईंचा स्टुडिओत फोन आला. फोटो फारच सुंदर आहे, पण जरा कडक वाटतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बरं वाटायला हवं. सिस्टरचा एखादा हसरा फोटो मिळेल का?

मी त्या कॉरिडॉरमधून कितीतरी वेळा गेले होते. त्या भिंतीवरचा एकही डॉक्टर हसत नव्हता. एकाचा चेहरा तर दाढ दुखत असल्यासारखा होता. त्यांच्याकडे बघून कोणाला बरं वाटायला हवं असं कमिटीला कधी वाटलं नाही. भिंतीवर चढायचं तर गोऱ्या पुरुषानं नुसतं यावं, आणि काळ्या बाईनं मात्र आधी दात दाखवावेत. मी फोनवर हे बोलले, याच शब्दांत. बाई म्हणाल्या की मी उगाच मनाला लावून घेते आहे.

सिस्टर चिडली नाही. तिनं कमिटीला निरोप पाठवला की लावायचा तर हाच, नाहीतर राहू दे. कमिटीनं राहू दिलं. त्या जागी हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं एक चित्र लागलं, आणि निवृत्तीच्या दिवशी सिस्टरची केक, पुष्पगुच्छ आणि गोड भाषणांवर बोळवण झाली. माझा नवरा म्हणाला, जाऊ दे आता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग मी तो फोटो, खिडकीत मावेल तेवढा मोठा करून, दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. तिथे आधी एका टोपडं घातलेल्या गोऱ्या बाळाचा फोटो होता. मालक थोडे कुरकुरले, पण काढा म्हणाले नाहीत.

एका शनिवारी सिस्टर तिच्या मुलीसाठी आणखी एक प्रत न्यायला आली होती. मी प्रत गुंडाळत असताना दार उघडून आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या काकू आत आल्या. त्याही एका डॉक्टरांच्याच घरच्या, मला बऱ्याच सीनियर. सोबत त्यांची मुलगी. इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं, कौन्सिलमध्ये नोकरीला, रंगानं माझ्यासारखी. तिचे फोटो पुण्याला स्थळांसाठी पाठवायचे होते. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लाइट जरा जास्त मार गं. उजळ आली पाहिजे." मग त्यांचं लक्ष काचेतल्या फोटोकडे गेलं, तिथून सिस्टरकडे. त्यांनी दोन्हींकडे नीट निरखून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "काळी आहे गं, पण नाकीडोळी नीटस आहे हां."

हे वाक्य मला पाठ होतं. मला बघायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत ते म्हणायची आणि आत माझी आई सुटकेचा श्वास टाकायची.

सिस्टरनं मला विचारलं, या काय म्हणाल्या? त्यांना फोटो आवडला, असं सांगून मला मोकळं होता आलं असतं. काकूही म्हणाल्या, "अगं सांग की, चांगलंच बोलले मी." मी सांगितलं. शब्दाला शब्द, मधल्या 'पण'सकट.

सिस्टरनं पर्स काउंटरवर ठेवली आणि काकूंकडे वळली. "त्यांना विचार," ती मला म्हणाली, "तो 'पण' कशाला?"

मी विचारलं. "काकू, त्या विचारतायत, 'पण' कशाला?"

काकू हसल्या. अगं, म्हणायची पद्धत असते, असं काहीसं पुटपुटल्या. ते मी इंग्रजीत सांगितलं नाही आणि सिस्टरनंही विचारलं नाही. ती नुसती थांबली, काकूंच्या तोंडाकडे बघत. काकूंनी शालीचं टोक सारखं केलं, मग पुन्हा सारखं केलं.

"आई, ती तुझा आन्सरसाठी थांबलाय," मुलगी म्हणाली.

  मग तिनं अंगातला कोट काढून आईच्या हातात दिला, आत जाऊन दिव्यांसमोरच्या स्टुलावर बसली आणि तिथून मला हाक मारली.

"मावशी, मी पण काळी आहे. माझी फोटो पण तशीच काढ."