उलटा गेलेला काटा

मीटरबाईंची नोकरी आता चार दिवसांची उरली होती. एकतीस वर्षं त्यांनी रंगाईच्या कारखान्यात कुठलं यंत्र किती वीज खातं ते मोजलं. आता घोटे सुजलेले, डोळे दुखणारे, आणि हौस तर कधीच फिटलेली. वह्या कपाटात लावायच्या आणि एकदाचं सुटायचं, एवढंच मनात होतं.

वह्या लावताना सहज म्हणून त्यांनी गेल्या महिन्याची तपासणी उघडली, आणि तीन नंबरच्या बेरजेवर त्यांचं बोट थांबलं.

तीन नंबरच्या यंत्राची मोटर जुनी. तिच्या तीन तारांत प्रवाह तीन तऱ्हांचा: आठ, दहा, तेरा. कुणी कमी ओढायचं, कुणी जास्त; बाईंच्या माहेरी तरी काय वेगळं होतं! तरीही दोन वॅटमीटर लावले की एकूण वीज बरोबर कळते. फक्त मोटर रिकामी फिरत असली, तर एका मीटरचा काटा शून्याच्या मागे जातो. मग त्याच्या तारा उलट्या जोडायच्या, आकडा वाचायचा आणि तो वजा करायचा. बाईंनी तारा उलटल्या, आणि वजा करायच्या ऐवजी मिळवून मोकळ्या झाल्या होत्या. तीनातून एक जायचा, तिथे दोन किलोवॅटचे चार झाले. रिकामं फिरतानाच एवढी वीज खातं म्हणून, त्या चारावरच यंत्र भंगारात काढायचं ठरलं होतं, आणि ते चालवणारा माणूस घरी बसणार होता. तो माणूस म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ.

आकडा तेव्हाच जरा जास्त वाटला होता. पण भावाचं यंत्र म्हणून पुन्हा मोजलं, असं कुणी म्हणायला नको, म्हणून बाईंनी मुकाट्याने सही ठोकली होती. मोठी प्रामाणिकपणाची मिजास!

त्या पाय ओढत साहेबांकडे गेल्या.

"साहेब, तीन नंबरला माझी चूक झालीय."

"एकतीस वर्षांत नाही, आणि नेमकी भावाच्या वेळी? बाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुम्ही समोर उभे राहा, मी मोजते."

मोटर सुरू झाली. एक काटा तीनवर गेला, दुसरा मागे जाऊन खुंटीला टेकला. बाईंनी तारा उलटल्या, एक हा आकडा वाचला आणि तो तीनातून वजा केला. साहेबांनी स्वतः दोन लिहिले. "राहू दे हे यंत्र," एवढं म्हणून ते निघून गेले.

भाऊ हात पुसत जवळ आला. "ताई, मागच्या वेळीही तो मागेच गेला होता. मी बघत होतो."

"वजा करतात, हे माहीत होतं तुला?"

"तुझ्याच वहीत बघून शिकलो."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू मोजलं होतंस ना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

बाई तिथेच स्टुलावर बसल्या. त्यांना रडू आलं, आणि डोळे पुसायचंही त्राण उरलं नव्हतं.