कुंपण बघायला चला

ती कोळीवाड्यातून यायची. मी ग्रामपंचायतीचा सदस्य, तरी तिचं नाव कधी विचारलं नाही. ग्रामसभेला आली की सुक्या मासळीची पाटी पायरीवर ठेवून दाराशी बसायची. बोलायचं झालं की एसटी थांबवावी तसा हात उंच करायची.

कासवांची अंडी राखायला पंचायत एका खासगी संस्थेला पैसे देते. यंदाही ठराव आला, तसा तिचा हात वर गेला.

"अंड्यांभवतीचं कुंपण कुठं हाय? आमाला दिसत न्हाय. चला, दाखवा."

सरपंच हसले. "मावशी, कासवांनाच विचारा."

"कासव तरी दरसाल येतंय, भाऊ. संस्थेचा मानूस कवा आला?"

सगळे हसले. मीही हसलो.

"पैसे देण्याआधी कुंपण बघायचं कुणाला?" सरपंचांनी विचारलं. तिचा एकटीचा हात वर होता. किनारा हाकेच्या अंतरावर, आणि ते कुंपण मीही कधी पाहिलं नव्हतं. तरी माझा हात मांडीवरच राहिला. ठराव मंजूर झाला.

बाहेर तिची पाटी भरलेलीच होती. सभेपायी विक्री राहिली होती. ती डोक्यावर चढवायला मी पुढे झालो.

पाटी सावरत ती शांतपणे म्हणाली, "आता उचलला व्हय हात?"